वीसपैकी तेरा

रविवारी रात्री, लातुरात,
टायर रिमोल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं एक राज्य चालवतो.
नकाशा मी काढलाय, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर.
नद्यांना नावं द्यायची राहिलीत.

नुजहत आगीला विचारते.
तिच्या विद्येचा नियम: दर उत्तरामागं एक आठवण जळते,
कुठली, ते आगच ठरवते.
गेल्या महिन्यात तिच्या जोगतिणीला कळलं
किल्ला कुठल्या बाजूनं पडेल,
आणि ती बहिणीचं नाव विसरली.
नुजहत खरोखर रडली. मग म्हणाली, चहा सांगा.

संघरत्न वाऱ्याचा.
वारा उत्तर देत नाही, उलटा प्रश्न करतो.
संघरत्नला ते परवडतं, तो वकील आहे.

पाणी मी माझ्याकडे ठेवलं, खेळ चालवणाऱ्याकडे,
कारण पाण्याचा नियम मला लिहिता येईना.

बाबा पाणाडे होते.
तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रान तुडवायचे,
नारळ शेंडीसकट उभा राहिला
की टाच रोवून म्हणायचे, हितं.
त्यांची लाल वही माझ्याकडं आहे.
गाव, तारीख, किती फूट.
लागलं तिथं बरोबरची खूण,
नाही लागलं तिथं नुसतं टिंब.
दोनशे बारा जागा. खुणा एक्क्याऐंशी.
वही लांब धरली तर
काही पानांवर पाऊस पडून गेल्यासारखा दिसतो.

मी भागाकार केला.
वीस बाजूंच्या फाशावर तेरा किंवा वर:
हा झाला पाण्याचा नियम.
बाबा असते तर फासा खिडकीतून गेला असता.
"जमीन खोटं बोलत नसती. हात चुकतो."
तेही लिहिलं मग, नियमाखाली, बारीक अक्षरात:
फासा हुकला म्हणजे पाणी नाही, असं नाही.
हात चुकला.

माती मन्मथकडं. बँकेत कॅशियर, किल्लारीकडचा.
त्याचा नियम मी घाईत केला होता:
माती विचारल्याशिवाय बोलत नाही.
त्यानं वाचला. पेन्सिल मागितली.
"आमच्याकडं न इचारता बोलली की,"
म्हणाला, पावतीवरची तारीख दुरुस्त करावी तसा.
"गणपती बुडवून येऊन झोपल्तो. धा वर्षांचा आसंल."

नुजहतच्या हातातला कप हातातच राहिला.
खालून शटर ओढता ओढता दुकानदार ओरडला,
"काय हो, पाणी हुडकूलालाव का जुगार खेळूलालाव?"
रोज हसतो आम्ही याला.

मन्मथनं नियम खोडला. त्या जागी काही लिहिलं नाही.
फासा उचलला, मुठीत बराच वेळ धरला
आणि न टाकता टेबलावर ठेवला.
कुठली बाजू वर होती ते मी पाहिलं.
मोजलं नाही.

त्या रात्री आमच्या राज्यात
मातीचा माणूस उघड्या माळावर
जमिनीला कान लावून झोपला,
आणि बाकीच्यांनी आळीपाळीनं पहारा दिला,
पहाटे चार वाजून जाईपर्यंत.

घरी आलो. देव्हाऱ्यातला नारळ उचलला.
आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर,
बरोबर मोरीच्या खाली सहा हजार लिटरचा हौद,
शुक्रवारीच टँकरनं भरलेला.
चप्पल काढली. नारळ आडवा ठेवला.
ओट्यापासून मोरी, मोरीपासून ओटा.
नारळ हलला नाही.
फासा टाकून पाहिला, आपला नियमाप्रमाणं.
अकरा.

सकाळी चटणीसाठी तोच नारळ फोडला.
वाटी आणायच्या आत
पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.