पूर्ण शब्द

ग्रिम्सबीच्या नगरपालिकेत माझं टेबल खिडकीपाशी,
खाली मासळीचा धक्का, बहुतेक रिकामा.
समुद्रावर गेलेल्या खलाशांची यादी आता संगणकावर आहे,
आणि तिची शोधपेटी माझ्या अंगावर.

डोरीन ब्लँचर्डबाईंची चिठ्ठी आली, शाईच्या पेनाने लिहिलेली:
भाऊ शोधते आहे, इयन. तीन अक्षरं टाकली
तर तुम्ही मला ब्रायन दिलेत, एड्रियन दिलेत,
नॉर्वेजियन बोटी दिल्यात,
ख्रिश्चन नावाचे सहा डॅनिश दिलेत.

खरंच होतं. त्या सगळ्यांच्या स्पेलिंगच्या पोटात
हा मुलगा दडून बसला होता.

मी शब्दाच्या दोन्ही कडांना कुंपण घातलं,
एक चौकोन काढला, शेजारी लिहिलं 'फक्त पूर्ण शब्द'.
खूण केली की एकच ओळ:
इयन, वय एकोणीस, ट्रॉलरवरचा आचारी.
बाईंना कळवलं. चार वाजताच अंधार पडला होता.

घरी माझ्याकडे दुसरी यादी आहे.
अण्णांच्या हिशेबाच्या सव्वीस वह्या,
मागच्या दोन हिवाळ्यांत मीच टाईप केलेल्या.
कराड डेपोतला कारकून माणूस,
बोलणं कमी, पै न् पै लिहिलेली.
सहज म्हणून टाकलं: तारा.
माझ्या आधीची. मी तिला पाहिलेलं नाही.

दोनशे सात ओळी.
सातारा, जाऊन-येऊन भाडं. परत सातारा.
म्हातारा हमाल, चहा, पंधरा पैसे.
उतारावर सायकल पंक्चर.
जमिनीचा उतारा, तलाठ्याला वर आठ आणे.
आणि मधेच
ताराच्या चपला. ताराला खोकल्याचं औषध.
ताराची पाटी फुटली, नवी.
तारासाठी डाळिंब, एक.

मग दुपारचंच कुंपण इथे लावलं.
आधी जमेना. त्या नियमाला
आमचा काना अक्षरच वाटत नव्हता,
'त'पाशीच शब्द संपला म्हणे.
तेही दुरुस्त केलं. खूण केली.
सातारा गेला, म्हातारा गेला,
आणि चपला गेल्या, औषध गेलं, डाळिंब गेलं.

आमच्या भाषेत माणूस नुसतं उभं कुठे असतं?
कुणीतरी त्याला 'चा' म्हणून, 'ला' म्हणून
दंडाला धरलेलं असतं.

उरली एक ओळ.
अकरा ऑगस्ट.
तारा.
पुढे रकमेचा रकाना कोरा.

टाईप करताना मी तिथे शून्य घातलं होतं,
मग खोडलं होतं, एवढं आठवतं.
कशाला खोडलं ते आठवत नाही.

बराच वेळ तशीच बसले. बाहेर सीगल ओरडत होते,
त्यांना रात्र कळत नाही.
मग चौकोनातली खूण काढून टाकली.
सगळे परत आले, आधी सातारा,
मग तो हमाल, पंधरा पैशांचा चहा घेत,
आणि त्यांच्यातून वाट काढत चपला.

सोमवारी डोरीनबाईंची दुसरी चिठ्ठी.
आभार. आणि खाली, शाई बदलून:
त्या यादीतला तो ब्रायन, सतरा वर्षांचा,
त्याची चौकशी कुणी केली आहे का?