मागची टाकी

ऑरव्हलच्या पिकअपला दोन टाक्या,
डॅशबोर्डवर एक बटण, एक काटा.
बटण पुढे: काटा पाऊण.
बटण मागे: काटा तरीही पाऊण.
"इतकं इमान बरं नव्हे," कुचेरा म्हणाला
आणि नेब्रास्काच्या गोठलेल्या मातीवर
उताणा सरकला गाडीखाली.

अर्थचा बोल्ट गंजलेला. घासला. काटा ढिम्म.
मागच्या फ्लोटची वायर काढून चॅसीला टेकवली.
मी आतून ओरडले, "काही नाही!"

मग बटणामागे हात घातला, तर
काळ्या टेपखाली नवऱ्याची गाठ:
दोन्ही वायरी पुढच्याच टाकीला पिळलेल्या,
बुटाची नाडी बांधायचा तशी, दुहेरी.

म्हणजे मागची कधीच निकामी झाली होती.
मला म्हणायचा, "घाबरतेस काय, मागे आहे की."
अकरा हिवाळे त्या 'मागे आहे की'वर
मी बर्फातून पोरं शाळेत सोडली.

कुचेराने टाकीवर पाना वाजवला.
रिकाम्या पिंपासारखा आवाज.
"तोडू गाठ?"

"थांब," म्हटलं,
"आधी गावात जाऊन येते एकदा.
पाऊण आहे अजून."