पडताळणी

मुलाने बालेवाडीहून काचेचा काटा पाठवला.
अनवाणी उभं राहायचं, मग फोनमध्ये बघायचं.
वजन, हाडं, पाणी, आणि चरबी
चौतीस पूर्णांक दोन टक्के.
पूर्णांक दोन!
एकतीस वर्षं वैधमापनात काढलेल्या बाईला
दशांशचिन्हाची भीती वाटत नाही,
संशय येतो.

मार्केट यार्डात तागडीखाली हात घालून
मी चिकटवलेली चिंच खरवडून काढलेली आहे.
गुगळ्यांच्या गाळ्यावर लोहचुंबक सापडलं
तेव्हा थोरले शेठ म्हणाले, "बाई, चहा तरी घ्या."
घेतला नाही.
पितळी वजनांची पेटी लुनावर पायाशी ठेवून
गंगाधामचा चढ चढले, भर एप्रिलात.

आणि आता हा.
आंघोळीआधी चौतीस पूर्णांक दोन,
आंघोळीनंतर, तळवे ओले असताना,
एकतीस पूर्णांक आठ.
मधली चरबी काय मोरीतून वाहून गेली?
थंडीत टाचांना भेगा पडल्या, तर छत्तीस.
एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्याहून वर.
(साबुदाणा खाल्ला होता, हे खरं.
पण इतका नाही.)

मग रीतसर तपासणीच घेतली.
फोनमध्ये त्रेसष्टचं वय चाळीस केलं,
तळजाई न चढता चार टक्के उतरले.
उंची दोन इंच वाढवली, आणखी थोडे.
तेव्हा लक्षात आलं, हा चरबी मोजतच नाही.
पायातून बारीकसा करंट सोडतो,
वाटेत किती अडलं तेवढं बघतो,
बाकी सगळं अंदाजपंचे.
माझ्या वयाच्या कुठल्याशा बायकांवरून
माझ्याबद्दल बोलतो.
तसे बोलणारे पुण्यात पुष्कळ आहेत,
पण ते दशांश लावत नाहीत.

नात म्हणाली, चिमट्याने मोजू.
तिने दंडाची घडी धरली,
बावीस मिलिमीटर. पुन्हा धरली, सत्तावीस.
तिसऱ्यांदा मला गुदगुल्या झाल्या
आणि चिमटा कपाटाखाली गेला.

टेकडीवर वर्णेकर वहिनी भेटल्या.
त्यांच्या जिमचं मशीन सगळ्यांनाच कमी दाखवतं,
"तुम्हीपण तिथेच या ना."
कमी भरणाऱ्या काट्याकडे गिऱ्हाईक आपणहून जातं,
हे नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

माझी आई मात्र पक्की होती.
धनकवडीला तिच्याकडे गेले की दारातच,
"किती वाळलीस गं."
बाळंतपणानंतर बहात्तर किलोची होते, तरी वाळलीस.
थायरॉईडने सुजले होते, तरी वाळलीस.
काटा चुकीचा, पण चूक दर वेळी तेवढीच.
अशा काट्यावर माणूस आयुष्य काढू शकतो,
वजाबाकी तेवढी पाठ हवी.
शेवटच्या मार्चमध्ये तिने पडल्या पडल्या
माझं मनगट धरलं,
अंगठा आणि मधलं बोट जुळतंय का पाहिलं,
म्हणाली, "बरी आहेस."
त्यातून काय वजा करायचं
ते अजून ठरलेलं नाही.

हल्ली सोमवारी, चहाच्या आधी,
पाय कोरडे करून
त्याच एका फरशीवर काटा ठेवते.
आकडा वहीत लिहिते, पेन्सिलने.
एका सोमवारचं काही मनावर घेत नाही,
दहा सोमवार कुठे चाललेत ते बघते.
सवयीने एकदा काच पालथी करून पाहिली.
चार रबरी पाय, बॅटरीचं झाकण,
शिशाचा ठसा मारायला
जागाच ठेवलेली नाही.