सामान

मुडावदच्या खाली तापी वळते, तिथे एक काळा खडक आहे.
त्याच्यावरून सूर मारायचे दगा, झुलाल, धुडकू आणि भाईदास.
मला पोहता येत नव्हतं,
म्हणून मी राखण.

दगाचं घड्याळ, थोरल्या भावाचं, न सांगता आणलेलं.
झुलालचा ताईत.
धुडकूच्या खिशातला गुळाचा खडा, मुंग्यांसकट.
भाईदासचा चष्मा, एक काडी सुतळीनं बांधलेली.
चपला सात, कारण आठवी मागच्या रविवारी वाहून गेली
आणि तिची बोलणी मी अजून खात होतो.

ते पाण्याखाली गेले की
घड्याळ हातात, ताईत गळ्यात, चष्मा नाकावर.
नदी वाकडी व्हायची. पलीकडचा काठ विरघळायचा.
ते वर येईपर्यंत
चौघेही मीच.
मग घाईघाईनं सगळं होतं तसं.

चव्वेचाळीस वर्षांनी, नाशिकच्या तरण तलावात
महिना नऊशे रुपये भरून
शिकलो एकदाचा.
मेच्या सुट्टीत गाडी काढली, एकटाच आलो.
खडक तिथेच. जरा बुटका झालाय,
किंवा बंधाऱ्यानं पाणी वर आलंय.

कपडे उतरवले तेव्हा कळलं
माणसाला किती सुटे भाग असतात.
गाडीची किल्ली, जिला पाणी चालत नाही.
मोबाईल, पाकीट, चष्मा. कानाची यंत्रं, दोन.
अंगठी तेवढी निघत नाही, म्हणून निर्धास्त.
किल्ली आधी वाळूत पुरली, वर खुणेचा गोटा ठेवला.
मागे वळून पाहिलं तर
सगळा काठ खुणेच्या गोट्यांचा.
उकरली. बुटात घातली.
बुटात कुणीही आधी हात घालतो,
हे मला कुणी शिकवायला नको.

पांझरेच्या वाळूत, डांगराच्या वेलांत, एक बाई वाकली होती.
मावशी, एवढं राखाल का?
“राखसू. मनं नाव ठगूबाई.”
मी हसलो. तीही हसली,
तिच्यासाठी हा विनोद साठ वर्षं शिळा होता.
पदर पसरून तिनं एकेक वस्तू मोजून घेतली.
शेवटी मी यंत्रं काढून ठेवली
आणि तिचे नुसते ओठ हलताना दिसले.
तिनं पाण्याकडे बोट केलं, मग पदराकडे,
मग रिकामा पंजा हवेत फिरवला.
किती वेळ?
म्हणजे कधीपर्यंत हे तुझं,
आणि नंतर कुणाला देऊ?
मी दहा बोटं दाखवली. कशाची दहा, ते ठरलं नाही.

सूर मारला. पोट आपटलं, सांगायला हरकत नाही.
खाली पाणी गार, त्याच्या खाली आणखी गार.
इतकी वर्षं काठावरून पाहिलेली ही जागा
आणि डोक्यात काय, तर किल्ली.
मग हाताला काहीतरी लागलं,
शेवाळलेलं, मऊ, चपलेएवढं.
शक्य नाही. सोडून दिलं.
पुन्हा शोधलं. पुन्हा एकदा शोधलं.

वर आलो तर काठावर तिचा नातू,
उघड्या डोळ्यांना धूसर, पण ओळखीचा,
माझा चष्मा लावून, हात पसरून,
वाकड्या नदीसमोर उभा.
मला बघताच उतरवला, बनियनला पुसला, होता तसा ठेवला.
मी काही पाहिलं नाही.

यंत्रं कानात घातली. ठगूबाईचं वाक्य अर्ध्यातून सुरू झालं,
“...वाजे, वाजे, मंग मी उचला. बाई व्हती.
मी सांगं, माणूस पाण्यात शे,
सामान मनाजोडे शे,
काय काळजी करू नको.”

किती वेळापूर्वी?
तिनं बोटं दाखवली. एका हाताची पुरली नाहीत.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.
कुमुद, मी म्हणालो.
पलीकडे नुसता श्वास,
फार खालून वर आल्यासारखा.
मी ओला उभा, ऐकत,
आणि ठगूबाई किल्ली पुढे करून
मोजी ले, मोजी ले म्हणत होती.