करंगळी

दांडा तळव्याच्या मधोमध ठेवायचा नाही.
तिथं नुसत्या रेषा असतात, खानविलकर सर म्हणायचे,
आयुष्याच्या, परदेशगमनाच्या. जोर तिथं राहत नाही.
जोर राहतो अंगठ्याच्या बुडाशी,
त्या मांसल उंचवट्याच्या आतल्या काठावर.
टेकव. अजून खाली. हां.
स्प्रिंग वर. मनगट सरळ,
पोस्टमन पत्र पुढे करतो तसं.

दांडिया बाजारच्या मागे, बोळात,
तालमीचं जिम झालेलं, मातीवर काळं रबर अंथरलेलं,
कोपऱ्यातल्या मारुतीला मात्र तेल अजून शनिवारीच.
मी रावपुऱ्यातून यायची, चष्म्याच्या दुकानाचं शटर पाडून.
दिवसभर तिळाएवढे स्क्रू फिरवलेले हात
साडेआठला दोनशे पौंडी ग्रिपरच्या दाणेदार पोलादावर.
पोरं बघायची. मग बघेनाशी झाली.

उजव्याला एकटं सोडू नको.
डाव्याने दांडा आत ढकल,
बँकेचं कार्ड आडवं मावेल एवढी फट ठेव,
मग बोटं बसव. बसव म्हटलं, फेकू नको,
पंगतीत माणसं बसवतात तशी,
शेवटच्यालाही जागा मिळेल असं बघून.
आणि मोजणी करंगळीपासून.

करंगळीपासून?
शाळेत मी तिला फक्त
बाईंना विचारून बाहेर जायला उभी केली होती.

हसू नको. ती टोकाला हवी,
अगदी टोकाला, पण घसरून खाली नाही.
बाकीची बोटं आरडाओरडा करतात, ऐकू येतो ना?
शेवटचे दोन सूत हीच आणते.

मला पटलं नव्हतं.
माझं सगळं तर्जनीवर चाललेलं.
मग उत्तरायणला अगाशीवर
शेजारच्या बिपिनभाईंचा पतंग कापताना
मांजाने माझंच बोट कापलं. चार टाके.
सर पट्टी बघून म्हणाले, बरं झालं,
मुकादम रजेवर गेला. आता मजूर कामाला लागतील.

एकदा वैतागून मी म्हटलं,
तुम्ही दाखवा ना करून.

त्यांनी हात पंचाला पुसला.
दोन वर्षं मी माझाच हात बघत होते,
त्यांचा उजवा त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला.
अनामिकेनंतर हात संपत होता.
कडा गुळगुळीत, जुन्या उंबऱ्याच्या लाकडासारखी.
प्रतापनगर यार्ड, म्हणाले. नॅरो गेज. कपलिंग जोडताना.
मग लगेच, मनगट बघ माझं, मनगट.

बसवलं अगदी तसंच, अंगठ्याच्या बुडाशी,
डाव्याने ढकलून, एकेक बोट.
दाबलं. गळ्याची शीर उभी राहिली.
दांडे जवळ आले, अजून जवळ,
आणि पेन्सिल जाईल एवढ्या फटीवर थांबले.
थांबले म्हणजे थांबलेच.
इथपर्यंत तिघं आणतात, ते म्हणाले,
आवाजात दम नव्हता, तक्रारही नव्हती.
पुढचं हिचं.
आणि माझ्या करंगळीला टिचकी मारली.

माझा तो दिवस मार्चमधल्या एका मंगळवारी आला.
फटीत ठेवायला दुसरं काही नव्हतं,
पर्समध्ये कमाटी बागेतल्या छोट्या गाडीचं तिकीट होतं, भाचीबरोबरचं.
मुकादम गप्प होता.
खालून, अगदी खालून,
कुणीतरी दोर ओढल्यासारखं झालं
आणि टक्.
ग्रिपर उलटा धरला. तिकीट पडलं नाही.

सर डभोईला, पुतणीच्या लग्नात.
फोन लावला. मागे बँड जोरात.
झालं?
झालं.
परत कर. फोन जवळ धर. मला ऐकू दे.

फोन बाकावर ठेवला. पूड लावली.
बुडाशी टेकवलं, ढकललं, पंगत बसवली.
दाबलं.
या वेळी अर्ध्या सुतावर अडलं.
हात थरथरत होता, तिकीट लोंबत होतं,
आणि पलीकडे बँडमधून बाजूला येऊन,
बहुतेक एक कान बोटाने बंद करून,
ते थांबून राहिले होते.