कोऱ्या कागदाचं वजन

आधी कोरा कागद तोलायचा.
रात्रभर निळ्या खड्यांच्या बरणीत ठेवून त्याची ओल काढायची,
मग चिमट्यानं उचलायचा. बोट लावायचं नाही,
घामालाही वजन असतं, खोब्रागडे मॅडम सांगायच्या.
आकडा वहीत लिहायचा, दशांशानंतर चार घरं.
मग गच्चीवर.

गच्ची शाळेची, नागपूर संपता संपता.
यंत्राला टिनाचं उतरतं छप्पर,
कबुतरांना वाटतं ते त्यांच्यासाठीच बांधलंय.
पंप सुरू केला की हवा ओढू लागतं
घरघरत, अडकत,
शेवटच्या वर्षी माझा बाप ओढायचा तशी.
सव्वीस वर्षं राखेच्या विभागात. निवृत्तीला घड्याळ मिळालं.
ते अजून चालतं.

खाली पहिलीच्या वर्गात बाईंनी चिमणी काढायला सांगितली.
सगळ्यांनी चोच काढली, पंख काढले.
निरंजननं उभं नळकांडं काढलं, लाल पांढरे पट्टे,
वर करड्या खडूचा गुंता.
चूक द्यावी की बरोबर,
विचारायला बाई गच्चीवर आल्या.
मी उत्तरेकडे बोट दाखवलं. त्याही बघत उभ्या राहिल्या.

हिवाळ्यात सकाळी धूर वर जात नाही.
खालची हवा गार, वरची ऊबदार, झाकण बसल्यासारखं होतं.
कोळशाचा, डिझेलचा, भांडेवाडीच्या कचऱ्याचा,
माझ्या स्कूटरचाही,
सगळा एकाच गोधडीत.
त्या दिवसांत कागद आठ तासांत काळवंडतो.
पावसाळ्यात उजळ निघतो,
फक्त मारबतीच्या दुसऱ्या दिवशी नाही.
ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, आम्ही ओरडलो,
खोकला घेऊन जा, दमा घेऊन जा, मीही ओरडलो,
वेशीबाहेर नेऊन तिला जाळलं.
सकाळी कागद चिमट्यानं उचलला
तर ती त्याच्यावर परत आलेली होती, थोडी.

मे महिन्यात लांजेवार काकू आधी वारा पाहतात, मग कुरडया घालतात.
उत्तरेचा असला की चीक पातेल्यातच आंबतो.
एकदा वारा फिरला तेव्हा त्यांचा डोळा लागला होता.
त्या कुरडया त्यांनी फेकल्या नाहीत. डब्यात भरल्या.
जनसुनावणीला मंडपात कूलर होते, पाण्याच्या बाटल्या होत्या,
काकूंनी मधोमध ताट ठेवलं.
साहेब म्हणाले, तीळ घातलेत वाटतं.
तीळ नाही जी, काकू म्हणाल्या, तुमचीच हाय. घ्या ना.
नंतर माझ्या वहीतले आकडेही वाचले गेले,
ते कोणाला आठवत नाहीत.
ताट आठवतं.

तेव्हापासून राखेच्या ट्रकांवर ताडपत्री आली.
तलावाच्या कोरड्या काठावर पाणी शिंपडतात, सोमवार ते शुक्रवार.
वारा शनिवारीही असतो, हे पुढच्या सुनावणीत सांगायचं ठरलंय.
चिमणीत राख पकडणारं नवं यंत्र बसलं म्हणे.
रात्री किती चालतं ते कागद सांगेल.
काकूंनी यंदा कुरडया घातल्या,
पण वर जुनं लुगडं ताणून.

एक कागद कधीच गच्चीवर न्यायचा नसतो.
बंद पाकिटात, कपाटात ठेवायचा,
आणि बाकीच्यांबरोबर तोलायचा,
काट्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून.
परवा तोलला. चौथ्या घरात तीन वाढले होते.
काटा शून्यावर आणला. खिडकी लावली. श्वास धरला.
पुन्हा तोलला.
तीन.
वहीत लिहिलं.
खाली निरंजनच्या वर्गात हजेरी चालू होती,
कोणीतरी आधी खोकलं, मग हजर म्हणालं.