दोन दाणे

चेंबूरला, शार्दूलच्या हॉलमध्ये
अकरा वर्षांनी खोका उघडला.
कोपऱ्यांना तपकिरी टेप, आत बुरशीचा वास,
लाल गड्यांमध्ये एक शर्टाचं बटण,
खऱ्या गड्याइतकंच कामसू.

मांडणी हातांना आठवत होती:
जंगल, खाण, शेत, तळं.
एका जागेवर एकच गडी.
कुणी आधी पोचलं की बाकीच्यांनी
मुकाट दुसरं काम शोधायचं.
हंगाम सरला की प्रत्येक तोंडाला दोन दाणे,
नाहीतर कर्ज.

खिडकीबाहेर मोनोरेल रिकामीच वळली.
"संथ आहे," शार्दूल म्हणाला,
"आणि खाण फारच माजलीये."
मी मान हलवली.
हल्लीचे खेळ तासाभरात आवरतात.

निळे गडी ग्लेनचे. ते कुणी घेत नसे.
अन्वीला हे कुणी सांगितलं नव्हतं.
तिने निळे घेतले, आणि नियमांची पुस्तिकाही,
जी आम्ही कधी हातात धरली नव्हती;
वाचायचा तो, ऐकायचो आम्ही.

"नव्या गड्याला पहिल्या हंगामात दाणे लागत नाहीत.
पान सात."

म्हणजे त्या सगळ्या शनिवारी आम्ही
पाळण्यातल्या पोरांना भरलं ताट वाढत होतो
आणि सावकाराच्या दारात उभे होतो.

ग्लेनला मस्कतला कळवलं.
उत्तर आलं: माहीत होतं.
मग दोन मिनिटांनी:
सोपा झाला असता रे.

शार्दूल शिव्या घालत
जुने गुण नव्याने मोजायला बसला.
तोवर अन्वीने तिचा नवाकोरा गडी
तळ्यावर ठेवला होता,
जिथे आमच्यातलं कुणी कधी गेलंच नव्हतं.